के-पॉप ट्रेनीच्या मनाचं काय होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न पाठवणारे मुख्यतः दोन गटांतले. एक, के-पॉपसाठी (म्हणजे दक्षिण कोरियाच्या पॉप संगीतासाठी) सोलला जाण्याची स्वप्नं बघणारी शाळा-कॉलेजातली मुलं. दुसरे, हे सगळं काय खूळ आहे असं म्हणत रात्री उशिरा गुपचूप माहिती शोधणारे त्यांचे आईवडील. (एका आजोबांचाही प्रश्न आहे, प्रश्न ८ बघा.) ऑडिशनला कोणतं गाणं निवडावं, केस कोणत्या रंगाचे करावेत, हे इथे मिळणार नाही. ट्रेनिंगमध्ये मनावर काय ओझं येतं आणि ते का येतं, एवढ्यापुरतंच हे पान आहे.

१. ट्रेनी म्हणजे नक्की कोण? आमच्या मुलीच्या डान्स क्लासपेक्षा त्यात वेगळं काय?

क्लासला तुम्ही पैसे भरता, म्हणून क्लासवाले तुमचं ऐकतात. ट्रेनीवर पैसे कंपनी खर्च करते, म्हणून ट्रेनीला कंपनीचं ऐकावं लागतं. सगळा फरक इथूनच सुरू होतो.

दक्षिण कोरियात ही पद्धत नव्वदच्या दशकात बसली. एसएम एंटरटेनमेंट १९९५ मध्ये सुरू झाली, त्यांचा एचओटी हा ग्रुप १९९६ मध्ये आला आणि धो धो चालला. मुलं लहान वयात निवडायची, गाणं, नाच, भाषा, कॅमेऱ्यासमोर वावरणं हे सगळं कंपनीच्या खर्चाने शिकवायचं, तयार झाली की बाजारात आणायची, असा तो साचा. गायिका बोआ २००० मध्ये मंचावर आली तेव्हा ती १३ वर्षांची होती.

दिवसा शाळा, शाळेनंतर कंपनीच्या सराव-खोल्या, बहुतेकदा रात्री उशिरापर्यंत. बाहेरगावची आणि परदेशातली मुलं कंपनीच्या डॉर्ममध्ये राहतात. ब्लॅकपिंक या ग्रुपच्या मुलींनी आपल्या ट्रेनिंगच्या काळात दोन आठवड्यांतून एकच दिवस सुट्टी मिळायची असं सांगितलेलं आहे.

२. ट्रेनिंग किती वर्षांचं असतं?

ठरलेलं नसतं. मला विचाराल तर या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच.

ट्वाइस या ग्रुपची जिह्यो २००५ मध्ये जेवायपी या कंपनीत आली आणि २०१५ मध्ये तिचा डेब्यू (मंचावरचं पदार्पण) झाला. दहा वर्षं. स्ट्रे किड्सचा बँग चॅन ऑस्ट्रेलियाहून आला, सात वर्षं ट्रेनी राहिला आणि त्या काळात बरोबरचे एकेक जण पुढे निघून जाताना बघत राहिला. ब्लॅकपिंकच्या चौघींची चार ते सहा वर्षं गेली. याउलट बीटीएसचा जिमिन साधारण वर्षभरातच मंचावर आला.

ही सगळी यशाची नावं आहेत, कारण नावं फक्त यशस्वी झालेल्यांचीच आपल्यापर्यंत पोचतात. पाच वर्षं थांबून घरी गेलेल्या मुलाची मुलाखत कोण घेणार?

पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करणाऱ्या मुलांचे हाल आपल्याला माहीत आहेत. पण त्यांच्याकडे अभ्यासक्रम असतो, उत्तरतालिका येते, कटऑफ कळतो. तारीख पुढे ढकलली तर निदान रस्त्यावर बसून आंदोलन तरी करता येतं. ट्रेनीकडे यातलं काहीच नाही. 'अजून तयार नाहीस' एवढंच सांगितलं जातं. तयार म्हणजे काय, ते कोण ठरवणार, किती दिवसांत, हे कुठे लिहिलेलं नसतं. मेहनतीने माणूस दमतो, झोप काढली की उठतो. शेवट कुठे आहे हे माहीत नसताना धावणं मात्र आतून पोखरतं. पुढच्या बहुतेक उत्तरांचं मूळ इथेच आहे.

३. महिन्याच्या परीक्षेबद्दल ऐकलंय. ती एवढी भयंकर असते का?

दर महिन्याच्या शेवटी ट्रेनींचं मूल्यमापन होतं. एकट्याने गाणं, एकट्याने नाच, कधी गटात. समोर शिक्षक, कंपनीतली माणसं, मोठ्या टप्प्यावर खुद्द प्रमुख. समोर कॅमेरा लावलेला. एरवी ज्या आरशाकडे बघून सराव होतो तो आता पाठीमागे, आणि नजर टेबलामागच्या माणसांच्या चेहऱ्यांवर. दोन-तीन मिनिटांत महिन्याचा हिशोब मांडायचा. मग शेरे: आवाज पातळ, हालचालीत जोर नाही, चेहऱ्यावर काहीच दिसत नाही, वजन वाढलंय. हे बहुतेकदा सगळ्यांसमोर.

कठोर शेरे हा खरा त्रास नाही. चांगला शिक्षक कठोर बोलतोच. त्रास असा की या परीक्षेत पास झालं तरी काहीच मिळत नाही, फक्त पुढचा महिना मिळतो. नापास झालं तर सामान बांधायला सांगू शकतात. म्हणजे हातात कायम एका महिन्याची मुदत. तेराव्या वर्षापासून अशी जगण्याची सवय लागलेलं मूल कौतुक झालं तरी घाबरतं, कारण पुढच्या महिन्यात तेच टिकवायचं असतं. असं मूल घरी फोनवर 'सगळं मस्त चाललंय' म्हणतं. ते खोटं बोलत नसतं. त्या महिन्यापुरतं ते खरंच असतं.

४. बरोबरच्या ट्रेनींशी मैत्री होते का? की सगळे एकमेकांचे पाय ओढतात?

दोन्ही, आणि तेही एकाच माणसाबरोबर. एका खोलीत झोपायचं, रात्री दोनला एकच रामेनचं पाकीट वाटून खायचं, आणि सकाळी त्याच मुलीच्या जागेसाठी स्पर्धा करायची. पाच जणींचा ग्रुप निघणार असेल आणि मुख्य गायिका एकच लागणार असेल, तर दोन चांगल्या गायिकांपैकी एकीचं काय होणार हे दोघींनाही कळत असतं.

त्यातून एक अपराधी भावना तयार होते, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. मैत्रीण बाहेर पडली की वाईट वाटतं, आणि त्याच क्षणी आपली जागा पक्की झाली म्हणून हलकंही वाटतं. मग त्या हलकं वाटण्याची लाज वाटते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीने हे कुणाला सांगायचं?

५. वजनाबद्दल जे ऐकू येतं ते खरं का?

बरंचसं खरं आहे, आणि ते आयडॉल्सनी (म्हणजे के-पॉपच्या कलाकारांनी) स्वतः सांगितलेलं आहे. ट्वाइसच्या मोमोने सांगितलं होतं की शोकेसच्या आधी तिला सात किलो कमी करायला सांगितलं गेलं, आणि त्या धांदलीत आठवडाभर ती जवळपास बर्फाच्या तुकड्यांवर राहिली. ओ माय गर्लची जिनी अॅनोरेक्सियामुळे २०१६ मध्ये विश्रांतीवर गेली आणि २०१७ मध्ये तिने ग्रुप सोडला. ही डेब्यू झालेली, नाव असलेली मुलगी. जिला नावच नाही अशा ट्रेनीला विश्रांती कोण देणार?

गायिका आययूच्या नावाने 'आययू डाएट' म्हणून सफरचंद, रताळं आणि प्रोटीन शेकचा जो प्रकार फिरत असतो, तो आपल्याकडच्या मुली करून बघतात. आयांनो, लक्ष ठेवा. मुलगी अचानक 'डबा नको, शाळेतच खाईन' म्हणायला लागली, जेवणाच्या वेळी हमखास अंघोळीला जायला लागली, पाळी चुकायला लागली, तर 'बारीक झालीस, छान दिसतेस' असं म्हणू नका. डॉक्टरांना दाखवा. यासाठी कोरियाला जायची गरज नसते, हे घरबसल्या होतं.

६. फोन काढून घेतात, प्रेमात पडायला बंदी असते, हे खरं का?

कंपनीगणिक वेगळं. ट्रेनींचे फोन ठेवून घेणं, सोशल मीडियावर बंदी, डॉर्मला परतायची वेळ हे सर्रास ऐकू येतं. जेवायपीत डेब्यूनंतर तीन वर्षं प्रेमसंबंध नकोत असा नियम असल्याचं जाहीरपणे बोललं गेलं आहे.

फोनचं मला फारसं काही वाटत नाही. इकडच्या होस्टेलमध्येही घेतात. पण जे मूल आधीच घरापासून लांब आहे, ज्याच्या शाळेतल्या मैत्रिणी मागे पडल्या आहेत, त्याचा बाहेरच्या जगाशी असलेला शेवटचा धागाही कंपनीच्या हातात जातो. मग 'हे जरा जास्तच होतंय' असं सांगणारं कुणी आजूबाजूला उरत नाही.

७. एकदा डेब्यू झाला की सुटका होते ना?

बहुतेक मुलं याच आशेवर तग धरतात, आणि म्हणूनच डेब्यूनंतरचा धक्का मोठा असतो. पैशांचं गणित (प्रश्न १० बघा) लगेच सुटत नाही. वर्षाला डझनांनी नवे ग्रुप येतात आणि त्यातले बरेच दोन-तीन वर्षांत दिसेनासे होतात.

चाललेल्या ग्रुपांतही हेच. २०१९ मध्ये ट्वाइसची मिना आणि सेव्हन्टीनचा एस. कूप्स या दोघांनीही चिंतेच्या त्रासामुळे काम थांबवलं. त्याच वर्षी गायक कांग डॅनियलने नैराश्य आणि पॅनिक डिसऑर्डरमुळे विश्रांती घेतली. २०२२ च्या जूनमध्ये बीटीएसने स्वतःची वाट थोडी वेगळी करायचं ठरवलं, तेव्हा आरएम म्हणाला होता की के-पॉप आणि ही आयडॉल पद्धत माणसाला परिपक्व व्हायला वेळच देत नाही. जगातल्या सगळ्यात यशस्वी ग्रुपचा म्होरक्या हे म्हणतो, यावर वेगळं भाष्य नको.

एक मात्र बदललं आहे. पूर्वी 'प्रकृतीच्या कारणास्तव' एवढंच छापून यायचं. आता आजाराचं नाव घेतलं जातं.

८. 'आमच्या काळी गुरूच्या घरी राहून, पाणी भरून, मार खाऊन गाणं शिकायचे. त्याशिवाय कला येते का? आजची मुलंच नाजूक झाली आहेत.' यावर तुमचं काय म्हणणं?

आजोबा, नमस्कार. तुमचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. तालीम कडक असावी हे मलाही मान्य.

पण दोन गोष्टी बघा. गवयाला वय वाढणं फायद्याचं असतं. पन्नाशीतला षड्ज विशीतल्यापेक्षा पिकलेला असतो, म्हणून गुरू घाई करत नाही. के-पॉपमध्ये विशी ओलांडलेली ट्रेनी 'उशीर झाला' म्हणून मोजली जाते. म्हणजे मेहनत वाढत जाते आणि त्याच वेळी किंमत कमी होत जाते. दुसरं असं की गुरूकडून मधेच परतलेला शिष्य गळ्यातलं गाणं घेऊन परततो, गावात शिकवू शकतो. ट्रेनी जे शिकतो त्यातलं बरंचसं त्या एका साच्याबाहेर फारसं चालत नाही.

आणि माराबद्दल: २०१८ मध्ये द ईस्ट लाइट या शाळकरी मुलांच्या बँडमधल्या एका मुलाने पत्रकार परिषद घेऊन आपल्याला आणि बँडमधल्याच आपल्या भावाला निर्मात्याकडून वर्षानुवर्षं मारहाण झाल्याचं सांगितलं. कोर्टाने त्या निर्मात्याला तुरुंगात पाठवलं. त्या माराने कुणाचाही सूर सुधारला नव्हता.

९. सर्व्हायव्हल शोमध्ये (ट्रेनींना एकेक करून बाद करणाऱ्या टीव्ही स्पर्धांमध्ये) निदान प्रेक्षकांची मतं असतात. ते जास्त न्याय्य नाही का?

दिसायला. २०१५ च्या 'सिक्स्टीन'मध्ये जेवायपीच्या ट्रेनींतून ट्वाइस निवडायची होती. मोमो बाद झाली, घरी जायची तयारी झाली, आणि शेवटच्या भागात कंपनीच्या प्रमुखाने तिला परत घेतलं. ज्या जिंकल्या त्यांना आनंद, पण काही प्रेक्षक मोमोवरच चिडले. जणू नियम तिने बदलले होते! त्याच शोमध्ये हरलेली सोमी पुढच्या वर्षी 'प्रोड्यूस १०१'मध्ये पहिली आली. मुलगी तीच, गाणं तेच, वर्षभरात निकाल उलटा. यातून मुलांनी काय शिकायचं?

'प्रोड्यूस'चं पुढे काय झालं ते तर माहीतच असेल. मतांचे आकडे फिरवल्याचं २०१९ मध्ये उघड झालं. मुख्य निर्मात्याला दोन वर्षांची शिक्षा झाली, त्यातून निघालेला एक्स१ हा ग्रुप जानेवारी २०२० मध्ये विसर्जित झाला, आणि २०२० च्या अखेरीस अपील कोर्टाने ज्यांच्यावर अन्याय झाला अशा १२ स्पर्धकांची नावं जाहीर केली. या मुलांनी 'मी कमी पडलो' असं मनाशी धरून रात्री रडून काढल्या असतील. खरं तर त्यांना मतं मिळाली होती. ज्यांना वर ओढलं गेलं त्यांचंही भलं झालं नाही. 'चोरीची जागा' हा शिक्का त्यांच्यावर, चूक मात्र मोठ्यांची.

शो नसतानाही कॅमेरा असतोच. बीटीएसच्या बिगहिट कंपनीने 'ट्रेनी ए' नावाने काही मुलांना डेब्यूआधीच यूट्यूबवर आणलं. चाहते जमले, वाढदिवस साजरे झाले. डिसेंबर २०२२ मध्ये प्रकल्प बंद झाल्याचं जाहीर झालं. नापास व्हायचं, आणि तेही सगळ्या जगासमोर.

१०. ट्रेनिंगचा खर्च नंतर वसूल करतात का? मधेच सोडलं तर दंड भरावा लागतो का?

मनावरच्या ताणात पैशांचा वाटा मोठा आहे, म्हणून हे इथे. डेब्यूनंतर कमाई सुरू झाली की अनेक कंपन्या आधी आपला खर्च वळता करून घेतात: निर्मिती, डॉर्म, कपडे, जेवण. खर्च भरून निघेपर्यंत कलाकाराच्या हातात फारसं काही पडत नाही. टीव्हीवर झळकणारी मुलगी आईला पैसे पाठवू शकत नाही, आणि हे कुणाला सांगूही शकत नाही.

सोडण्याबाबत: २०१७ मध्ये तिथल्या फेअर ट्रेड कमिशनने आठ मोठ्या एजन्सींना ट्रेनींच्या करारातल्या जाचक अटी बदलायला लावल्या. त्यात प्रत्यक्ष खर्चाच्या दुप्पट-तिप्पट दंड मागणाऱ्या अटी होत्या. त्याआधी तोहोशिंकी अर्थात टीव्हीएक्सक्यू या ग्रुपच्या तिघांनी २००९ मध्ये आपल्या १३ वर्षांच्या कराराविरुद्ध कोर्ट गाठलं होतं. त्याच वर्षी कलाकारांसाठी सात वर्षांच्या मर्यादेचा नमुना करार आला. ट्रेनींसाठी वेगळा नमुना करार २०१९ मध्ये आला: कमाल तीन वर्षं, आणि प्रशिक्षणाचा खर्च कंपनीचा. पण नमुना म्हणजे नमुना. छोट्या एजन्सीने समोर ठेवलेला कागद वेगळा असू शकतो, तोही कोरियनमध्ये. वकिलाकडून वाचून घेतल्याशिवाय सही नको.

घरची परिस्थिती बेताची असेल तर ताण दुप्पट. बीटीएसचा शुगा ट्रेनी असताना डिलिव्हरीचं काम करायचा. त्यात अपघात होऊन खांदा दुखावला, आणि काढून टाकतील या भीतीने ते आधी कंपनीपासून लपवल्याचं त्याने पुढे सांगितलं. त्या खांद्याची शस्त्रक्रिया २०२० मध्ये झाली. एवढी वर्षं तो त्याच खांद्याने नाचला.

११. लहान मुलांच्या कामाच्या तासांवर कायदा नाही का?

आहे. २०१४ च्या कायद्यानुसार १५ वर्षांखालच्या कलाकाराकडून आठवड्याला ३५ तासांपेक्षा आणि त्यावरच्या अल्पवयीनांकडून ४० तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. रात्री १० ते सकाळी ६ काम नाही, काही सवलती वगळून.

गोम अशी की 'काम' म्हणजे कार्यक्रम, चित्रीकरण. सराव-खोलीत रात्री अकराला आरशासमोर उभं असणं हे काम की शिक्षण? तिथेच सगळं निसटतं. आणि डेब्यू झालेल्या आयडॉललाही कामगार मानतीलच असं नाही. न्यूजीन्स या ग्रुपच्या हानीने ऑक्टोबर २०२४ मध्ये कोरियाच्या संसदेत जाऊन कामाच्या ठिकाणच्या वागणुकीबद्दल साक्ष दिली. पुढच्याच महिन्यात कामगार मंत्रालयाने ती कायद्याच्या व्याख्येत कामगार बसत नाही असं सांगितलं.

लोकांचा रेटा मात्र कधीकधी चालतो. १५ वर्षांपर्यंतच्या मुलींचा, त्यात आठ वर्षांचीही एक, असा एक शो २०२५ मध्ये एमबीएन वाहिनीवर यायचा होता. जाहिरातीतली मुलींची छायाचित्रं बघून लोक भडकले आणि वाहिनीने प्रक्षेपण रद्द केलं.

१२. भारतातून कुणी गेलंय का? त्यांना जास्त त्रास होतो का?

ओडिशाची श्रेया लेंका २०२२ मध्ये ब्लॅकस्वान या ग्रुपमध्ये निवडली गेली. केरळची आरिया एक्स:इन या ग्रुपमधून २०२३ मध्ये आली. २०२५ मध्ये बीटीएसची मालक कंपनी हाइबने मुंबईत आपली भारतीय कंपनी थाटली, तेव्हापासून 'आता सोलला जायलाच नको' असे मेसेज माझ्याकडे वाढले आहेत. गाव बदललं म्हणून पद्धत बदलतेच असं नाही. प्रश्न २ आणि ३ तिथेही विचारा.

परदेशी ट्रेनीचा त्रास नुसता जास्त नसतो, वेगळाही असतो. भाषा अर्धवट कळते, त्यामुळे शेरा ऐकू येतो पण त्यातली मायेची छटा ऐकू येत नाही. वयाने मोठ्यांशी कसं बोलायचं, कुठे वाकायचं यात चूक झाली तर उद्धट ठरता. आजारी पडल्यावर डॉक्टरला 'छातीत धडधडतंय' हे कोरियनमध्ये सांगता येत नाही. शिवाय जेवण. शाकाहारी मुलांनो, तिथे सूपच मुळात माशाच्या पाण्याचं असतं, हे जायच्या आधी माहीत असू द्या. आणि दिसण्यावरून, रंगावरून ऑनलाइन जे बोललं जातं ते वाचायची वेळ येतेच. ते मराठीत भाषांतर करून घरच्यांना सांगायला जीभ रेटत नाही.

१३. आयडॉल्सच्या आत्महत्यांच्या बातम्या वाचून भीती वाटते. ट्रेनिंगमुळेच हे होतं का?

२०१७ मध्ये शायनी या ग्रुपचा जोंगह्युन, २०१९ मध्ये गायिका सुली आणि गू हारा, असे मृत्यू झाले आणि चाहते हादरले. पण कुठल्याही एका मृत्यूचं एकच कारण सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. सुली आणि हारा दोघींनाही ऑनलाइन छळ सहन करावा लागला होता. त्या देशात एकूणच आत्महत्यांचं प्रमाण विकसित देशांत सर्वांत जास्त आहे. ट्रेनिंगचा वाटा किती हे बाहेरून कुणी मोजू शकत नाही. लहानपणापासून 'दुखलं तरी हसायचं' हे अंगवळणी पडलेल्या माणसाला मदत मागणं अवघड जातं, एवढं मी खात्रीने म्हणेन.

तुमच्या मनात असे विचार येत असतील, किंवा आवडत्या कलाकाराच्या जाण्याने तुम्ही सावरत नसाल, तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. फुकट आहे, रात्रीही चालतो, मराठीत बोलता येतं. कोरियात असाल तर १०९. 'फॅन आहे म्हणून रडतेय, हसतील' असं वाटून थांबू नका.

१४. हे फक्त कोरियातच होतं का?

नाही. जपानमध्ये जॉनी अँड असोसिएट्स या बलाढ्य एजन्सीच्या संस्थापकाने दशकानुदशकं शिकाऊ मुलांचं लैंगिक शोषण केलं. कुजबुज सगळीकडे होती, कबुली कंपनीने दिली २०२३ मध्ये, तो माणूस २०१९ मध्ये मेल्यावर. चीनने सप्टेंबर २०२१ मध्ये आयडॉल निवडीचे शोच बंद केले, अर्थात तिथली कारणं मुलांच्या काळजीपलीकडचीही होती.

१५. मुंबईतल्या एका एजन्सीने 'कोरियात प्लेसमेंट'साठी रजिस्ट्रेशन फी मागितली आहे. भरावी का?

नाही. नामांकित कोरियन कंपन्या ऑडिशनचे पैसे घेत नाहीत. अर्ज त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवर थेट करता येतो.

१६. मुलगी ऐकायलाच तयार नाही. ऑडिशनला जाऊ द्यावं का? नाही म्हटलं तर आयुष्यभर बोल लावेल.

ऑडिशनला जाऊ द्या. नकार पचवायचा पहिला अनुभव घराजवळ, तुमच्या सोबतीने आलेला बरा.

निवड झालीच तर कंपनीला विचारा: वाट बघायची कमाल मुदत लेखी देणार का, शाळा कोणती, आठवड्याला घरी व्हिडिओ कॉल कधी, समुपदेशक कोण आणि त्याला मुलीने सांगितलेलं व्यवस्थापनापर्यंत जातं का, वजनाचा नियम आहे का, सोडायचं ठरलं तर परतीचं तिकीट कुणाचं. उत्तरं मिळतील की नाही यापेक्षा हे प्रश्न ऐकून समोरचा माणूस कसा वागतो ते बघा.

आणि मुलीशी एक सांकेतिक शब्द ठरवा. कुणाच्याही समोर बोलता येईल असा, अगदी 'पुरणपोळी' चालेल. तो शब्द फोनवर आला की कारण न विचारता तिकीट काढायचं. 'एवढा खर्च केला' हे वाक्य नंतर कधीही काढायचं नाही, भांडणातसुद्धा. शेवटची अट पाळणं सगळ्यात कठीण आहे, याची कल्पना आहे मला.

१७. मुलगा ट्रेनिंग अर्धवट सोडून परत आलाय. खोलीतून बाहेर येत नाही. शाळाही बुडालीय. आता?

आधी शाळेची घाई करू नका. ज्याचा प्रत्येक दिवस दुसऱ्याने आखून दिला होता, त्याला मोकळा दिवस अंगावर येतो. झोपेची वेळ आणि एकत्र जेवण एवढंच आधी सावरा. नातेवाईकांना 'परत आला, बरं झालं' एवढंच सांगा. 'जमलं नाही' हा शब्दच नको. नाचायला सांगू नका, आणि बंदही करू नका. दोन-तीन आठवड्यांतही झोप, भूक, बोलणं यात फरक नसेल किंवा तो मरणाबद्दल बोलत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्याच (हेल्पलाइनचा नंबर प्रश्न १३ मध्ये आहे).

शिक्षणाचं काम त्यामानाने सोपं. दहावी किंवा बारावी राहिली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून राज्य मंडळाच्या परीक्षेला बसता येतं. एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेचाही पर्याय आहे. फॉर्म भरण्याची मुदत मंडळाच्या वेबसाइटवर येते, ती चुकवू नका, कारण विलंब शुल्काची तारीखही उलटली तर वर्ष जातं. जुन्या शाळेचा दाखला आधी काढून ठेवा. आणि तो कोरियन शिकून आला असेल, तर ती त्याची स्वतःची कमाई आहे. पुण्यात आणि चाकण-रांजणगाव पट्ट्यात कोरियन कंपन्या आहेत, तिथे दुभाष्यांना मागणी असते. टॉपिक ही कोरियन भाषेची परीक्षा भारतातूनही देता येते.